भोगीच्या ताटातले हात: सणातून कृतज्ञता शोधायची एक घरगुती रीत

माझ्या सासूबाई अक्कलकोटच्या पलीकडच्या, कर्नाटकच्या हद्दीवरच्या गावच्या. घरात मराठी बोलतात, रागावल्या की कानडीत शिरतात. काही वर्षांपूर्वी भोगीच्या दिवशी जेवता जेवता मी म्हटलं, "थँक्यू हं आई, सगळं मस्त झालंय." तव्यावरची भाकरी उलटत त्यांनी विचारलं, "काय काय झालंय, सांग की." भाजी, भाकरी, भात, मी म्हटलं. "कसला भात?" मला तो साधाच वाटला होता, जरा पिवळट. तो राळ्याचा, त्या बारीक पिवळ्या भरडधान्याचा होता. राळे त्यांच्या भावाने गावाकडून एसटीच्या ड्रायव्हरजवळ पिशवी देऊन पाठवले होते आणि पहाटे उठून त्या ते निवडत बसल्या होत्या. पंधरा वर्षं मी तो भात खात होते आणि पंधरा वर्षं थँक्यू म्हणत होते.

'कृतज्ञ' या शब्दाची फोड आपण शाळेत केलेली असते. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कुणी काय केलं हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. शब्दात भरून येणं नाही, डोळे पाणावणं नाही, फक्त माहिती आहे. आपण मात्र उलट्या टोकाने सुरुवात करतो. सण आला की मन कसं प्रसन्न व्हायला हवं, असं स्वतःला बजावतो आणि ते झालं नाही की अपराधी वाटून घेतो. माझा अनुभव असा की आधी चौकशी करावी. मनाचं मन बघून घेतं.

पुढची रीत मी त्या भोगीपासून चुकतमाकत बसवली आहे. ती संक्रांतीभोवती आहे, कारण आम्ही राहतो त्या सोलापूरचा खरा मोठा सण तोच. सिद्धेश्वरांची यात्रा, गड्डा म्हणजे तिची जत्रा, भोगी, हुरडा, थंडी, सगळं एकाच पंधरवड्यात येतं. तुमच्या घरी गणपतीचं महत्त्व असेल, नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथाचं असेल, ईदचं असेल, तर तो सण धरा.

पहिली पायरी: एकच सण, एकच ताट

वर्षभराचे सगळे सणवार एकदम हाताशी घेऊ नका. एक दिवस निवडा, त्या दिवसाचं एक ताट निवडा. एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे ताटातले पदार्थ, उजवीकडे ते ज्यांच्या हातून आले ती माणसं. नावं माहीत नसतील तर 'भाजीवाल्या मावशी, मंगळवार बाजार' असं लिहिलं तरी चालतं. जिथे पुढचं सुचत नाही तिथे गोल करा. हे गोलच आपल्या कामाचे. माझ्या पहिल्या कागदावर सात होते.

आमचं भोगीचं ताट असं: तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा, खेंगट, मुगाची खिचडी, राळ्याचा भात, शेंगाचटणी. खेंगट म्हणजे भोगीची मिसळीची भाजी. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, हिरव्या हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे, दोन-चार बोरं आणि वरून तिळाचं कूट. जानेवारीत शिवारात जे ताजं असतं ते सगळं एका पातेल्यात. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण आजीने सांगितली तेव्हा धमकी वाटली होती. खरं तर तीळ, बाजरी, लोणी हे कडाक्याच्या थंडीत अंगाला हवंच असतं.

आता एकच पदार्थ घेऊन तळापर्यंत जाऊन बघा. मी ज्वारी घेतली, कारण भोगीला बाजरीची भाकरी असली तरी वर्षभराचं आमचं पोट ज्वारीवर. सोलापूरची ज्वारी रब्बीची. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या रानात पेरतात, आणि मग जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती बहुतेक वाढते. मालदांडी हे तिचं प्रसिद्ध वाण. त्यातलं एम ३५-१ हे मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. कणसात दाणा भरला की पाखरं उतरतात, तेव्हा माळ्यावर उभं राहून कुणीतरी गोफण फिरवतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. इथे ज्वारी बहुधा मुळासकट हाताने उपटतात. टोळ्या लागतात त्या कामाला, आणि तळहात सोलून निघतात. मग कणसं खुडायची, मळणी करायची, कडबा गुरांना. कागदाच्या उजव्या बाजूला माझ्याकडे आता पेरणारा, राखणीवरचं पोरगं, काढणीची टोळी, मळणीवाला आणि गिरणीवाला असे पाच जण होते. त्यातल्या फक्त गिरणीवाल्याला मी ओळखत होते.

त्याच्याशीही आजवर 'बारीक की जाड' याच्यापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं. त्या वर्षी विचारलं. तो म्हणाला, बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून भोगीसाठी बायका आदल्या दिवशीच दळायला आणतात आणि त्या रात्री तो अकरापर्यंत गिरणी चालू ठेवतो. वर्षातून एकदा. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

दुसरी पायरी: हात कामात असताना विचारा

घरातल्या मोठ्या माणसांना समोर बसवून "तुमच्या आठवणी सांगा" म्हणालात की संपलं. दोन वाक्यं येतात: "आमच्या वेळी असं नव्हतं" आणि "आता काय राहिलंय". शेंगा निवडताना, तीळ भाजताना, सुगडांना हळद-कुंकवाची बोटं ओढताना विचारा. नजर कामावर असली की माणूस मोकळं बोलतं.

प्रश्नही छोटे हवेत. हे पहिल्यांदा केलं तेव्हा बिघडलं होतं का? कुणी शिकवलं? तुमच्या माहेरी काय वेगळं होतं? आणि सगळ्यात चांगला प्रश्न: पूर्वी करत होता आणि आता सोडून दिलं असं काय? या शेवटच्या प्रश्नावर सासूबाईंनी हातातली परात खाली ठेवली आणि येळवशीचं सांगितलं. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं घर शेतात जायचं, कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडायचे. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. पूजा झाली की शेताच्या कडेकडेने फिरत चर, म्हणजे नैवेद्यातलंच अन्न, शिंपायचा. जमिनीला जेवायला घालायचं आणि मग आपण जेवायचं. शेत विकल्यावर ते थांबलं. त्यांनी नवऱ्याच्या आजारपणात विकलेल्या त्या जमिनीबद्दल मी सून म्हणून आल्यापासून पहिल्यांदा ऐकलं.

मी लिहून घेत होते तर म्हणाल्या, "काय लिहूलालीस गं?" म्हटलं, तुमचं बोलणं. थोडा वेळ त्या चक्क शुद्ध मराठीत बोलल्या, मग विसरल्या. फोनवर आवाज टिपायचा असेल तर आधी विचारून घ्या. चोरून केलेलं रेकॉर्डिंग मोठ्यांना कळतंच.

मापाची एक अडचण प्रत्येक घरात असते. "अंदाजानं घालायचं" म्हणतात आणि अंदाज त्यांच्या हातातच राहतो. त्यावर उपाय सोपा आहे. त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्या, तुम्ही फक्त डबा आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. आमच्या शेंगापोळीचं सारण असं हाती लागलं: भाजून सोललेल्या शेंगांच्या दोन वाट्या कुटाला दीड वाटी चिरलेला गूळ, पाव वाटी तिळाचं कूट, दोन वेलदोडे. आणि जे काट्यावर येत नाही ते: शेंगा मंद आचेवर, साल हाताने चुरली की सुटेल इथपर्यंतच भाजायच्या. एक मिनिट जास्त झालं तर पोळी कडवट.

तिसरी पायरी: एक काम उचला

माझ्या मते हीच पायरी महत्त्वाची आहे आणि हीच सगळे गाळतात. सणाच्या दिवशी आईचा पुरणपोळी लाटतानाचा फोटो टाकायचा, खाली 'अन्नपूर्णा' लिहायचं आणि जेवून ताट तिथेच ठेवून उठायचं. ही कृतज्ञता फोनमधल्या लोकांसाठी झाली. कागदावर ज्यांची नावं सगळ्यात जास्त वेळा आली त्यांच्या यादीतलं एक काम कायमचं आपल्याकडे घ्या. मदत म्हणून नव्हे. पुढच्या वर्षीही ते तुमचंच.

आमच्या घरी नवऱ्याने शेंगाचटणी घेतली. सोलापूरची शेंगाचटणी मिक्सरला फिरवली की भुगा होतो. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट असं सगळं खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटावं लागतं, तेव्हा तिचा गोळा वळतो. पहिल्या वर्षी वीस मिनिटांत त्याचा दंड भरून आला. "आई हे कशी करत होती?" असं तो स्वयंपाकघरातून ओरडला तेव्हा सासूबाई बाहेर पेपर वाचत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण पान बराच वेळ उलटलं नाही.

मुलं पुण्या-बंगळुरूला असतील तर त्यांनाही काम द्या. व्हिडिओ कॉलवर ताट दाखवून लाळ गाळायला लावण्यापेक्षा 'हलव्याचे दागिने तू पाठवायचे' किंवा 'तीळ तू निवडून आण' असं सांगा. ज्याचं काम त्याचा सण.

चौथी पायरी: बोलून दाखवा, पण नेमकं

आपल्याकडे घरात आभार मानत नाहीत. मानले तर समोरचा परका झाल्यासारखा बघतो. त्यामुळे आभाराचा शब्द गाळला तरी चालेल, तपशील गाळू नका. 'छान झालंय' ऐवजी 'पोळी कडेपर्यंत भरलीय, एकही फुटली नाही' म्हणा. गिरणीवाल्याला तिळगूळ देताना मी म्हटलं, "भोगीच्या रात्री अकरापर्यंत थांबता म्हणून आमच्या भाकरी होतात." तो इतका लाजला की पैसे घ्यायचे विसरला. मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिले.

पाचवी पायरी: उंबऱ्याबाहेर

ताटातले हात शोधायची सवय लागली की गावातलेही दिसायला लागतात, आणि यासाठी सोलापूरच्या यात्रेसारखी जागा नाही.

बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर हे इथले ग्रामदैवत. त्यांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली आणि लोकांच्या श्रमातून तलाव खणून घेतला, असं परंपरा सांगते. आज देऊळ त्याच तलावात आहे. कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशी लग्नाची इच्छा धरली तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, आणि तोच सोहळा दरवर्षी होतो. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, वाजतगाजत निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर संमतीचं वाचन होतं आणि 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम'च्या गजरात अक्षता पडतात. पुढे होम, शोभेचं दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवणं.

अक्षतेच्या दिवशी सगळेच जातात. जाच. पण या वेळी दोन गोष्टी आणखी करा. एक, महिनाभर आधी रात्री गल्ल्यांमधून नंदीध्वजाचा सराव चालतो, तो बघायला मुलांना घेऊन जा. ती उंच जड काठी कमरेच्या पट्ट्यात तोलायची म्हणजे काय, हे हार-बाशिंगं चढण्याआधीच नीट दिसतं. दिवसभर नोकरी करून आलेली पोरं घामाघूम होऊन पुन्हा पुन्हा उचलतात. मग यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतला तोच माणूस समोरून जाताना आपलं पोरगं ओरडतं, "हा तो!" दोन, मिरवणूक यायच्या दोन तास आधी मार्गावर उभे राहा. रस्ता धुणारे, रांगोळीच्या पायघड्या घालणारे, वायरी वर उचलून धरायला बांबू घेऊन थांबलेले. ते सगळं अर्ध्या तासात पायाखाली पुसलं जातं, हे त्यांना माहीत असतं.

गड्ड्यावर पाळण्यात बसायला जाताना वाटेत चार हुतात्म्यांचे पुतळे लागतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला त्यांना फाशी दिलं. ऐन यात्रेचे दिवस. आम्ही तिथे दोन मिनिटं थांबतो आणि चारही नावं मुलांकडून म्हणवून घेतो. माझ्या लहानपणी मी त्या चौकाचं नाव हजार वेळा रिक्षावाल्याला सांगितलं असेल, माणसांची नावं चौथीपर्यंत येत नव्हती.

सहावी पायरी: सण नसलेल्या दिवशी

इथे थोडं कमीच करा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही जणांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल उपकृत वाटतं अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपल्या आयुष्याबद्दल बरं वाटत होतं. ध्यानात घेण्यासारखं आहे ते 'आठवड्यातून एकदा'. रोज लिहायला बसलं की आठवड्याभरात 'घर, आरोग्य, कुटुंब' अशी पाटी टाकायला लागतो आपण. मी गुरुवारी लिहिते, कारण गुरुवारी मला शिकवण्या नसतात. एवढंच कारण.

काय लिहायचं? एक जागा ठरवा आणि तिच्याकडेच बघत राहा. मी तीन सांगते.

नळ. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेही अवेळी, आणि त्यावर मी भांडलेली आहे, भांडणार आहे. तरी पहाटे पाचला गल्लीत "पाणी आलं!" अशी हाक येते, प्रत्येक घरातून बादल्यांचा आवाज सुरू होतो, पहिल्या धारेला हवेचा फुसकारा निघतो, ते शंभरएक किलोमीटरवरच्या उजनीचं पाणी पायरीवर सांडतं. तक्रार आणि हे दोन्ही एकाच वहीत लिहिते. कृतज्ञतेच्या वहीत तक्रार नको, असा नियम कुणी केलाय?

चादर. घरातली जुनी सोलापुरी चादर उन्हात धरा आणि उलटी करा. वरच्या बाजूला जी नक्षी लाल असते ती खालून पांढरी निघते. दोन्ही बाजू सुलट. भोकं पाडलेल्या पत्त्यांच्या माळेवरून मागावरचा जेकार्ड कोणता धागा उचलायचा ते ठरवतो. शेजारच्या अक्का पद्मशाली. त्यांचे यजमान यंत्रमागावर होते, त्या स्वतः घरी तेंदूपानं कापून विड्या वळायच्या. एका दुपारी आमची चादर बघून त्यांनी बोटाने एक जागा दाखवली: "इथे धागा तुटला होता, गाठ मारलीय." बावीस वर्षं अंगावर घेतलेल्या चादरीतली ती गाठ मी कधी पाहिली नव्हती. आता पोरं तीच शोधतात.

तिसरी जागा तवा. भाकरी फुगते तो क्षण. त्यावर जास्त बोलत नाही, करून बघा.

जिथे हे जमत नाही तिथे

घरात मृत्यू झाला की वर्षभर सण नसतो. त्या वर्षी ही वही उघडायची सक्ती करू नका. जमलं तर त्या माणसाच्या हातचा एक पदार्थ, मापासकट, कुणाला तरी विचारून लिहून ठेवा. माझे सासरे गेले त्या वर्षीच्या पानावर फक्त त्यांचा हुरडा आहे: गोवऱ्यांची आगटी, गुळभेंडी ज्वारीची कणसं, तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि पहिली मूठ दुसऱ्याला द्यायची.

आणि प्रत्येक परंपरेचे उपकार मानायलाच हवेत असंही नाही. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवं चालतात. अक्कांचे यजमान गेले त्या वर्षी त्यांना गल्लीत कुणी बोलावलं नाही. मीही नाही. माझ्या घरी पंचवीस बायका वाण घेत होत्या आणि अक्कांच्या दाराला आतून कडी होती, जिच्याकडून मी चादर बघायला शिकले त्या बाईच्या दाराला. पुढच्या वर्षी, अक्कांना बोलावू का, असं सासूबाईंना विचारलं. वाटलं होतं त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "तू बोलाव, मी बघते कोण काय बोलतंय ते." गल्लीतल्या दोघी बोलल्याच. सासूबाईंनी त्यांना कानडीत उत्तर दिलं. आता आमच्याकडे सगळ्यांना बोलावणं असतं, आणि अक्का सगळ्यात आधी येऊन सतरंजी अंथरतात.

वही कुठे ठेवायची

शेवटचं, अगदी व्यवहाराचं. साधी दोनशे पानी वही घ्या. वर्षाला दोन पानं सणाची, बाकी गुरुवारची. तारीख घाला, ताटाचा कागद चिकटवा, गोल केलेल्या जागांपैकी कुठल्या भरल्या ते लिहा. कपाटात ठेवलीत तर हरवेल, फोनमध्ये लिहिलंत तर फोनबरोबर जाईल. आमची तिळाच्या मोठ्या डब्याखाली असते. तीळ काढायला डबा उचलला की ती हाताला लागते. पानांना तेलाचे डाग आहेत, आणि दोन वर्षांपूर्वीच्या भोगीच्या पानावर माझ्या अक्षराखाली एक ओळ कानडीत लिहिलेली सापडली. मला कानडी वाचता येत नाही. अक्कांच्या सुनेने वाचून दाखवली: राळे या वर्षी हिने निवडले, तीन खडे राहिले.